पी-व्हॅल्यूवाल्या बेनची पीएच.डी.

एम.एस्सी. झाल्यावर मला नोकरी लागली ती बडोद्याबाहेरच्या एका मेडिकल कॉलेजात, पीएसएम म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या विभागात. कागदावर हुद्दा स्टॅटिस्टिशियन-कम-ट्यूटर. प्रत्यक्षात मी 'पी-व्हॅल्यूवाल्या बेन' होते. पी-व्हॅल्यू म्हणजे निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता; ती पुरेशी लहान असली की निकाल 'सिग्निफिकंट'. थिसिस जमा करायची तारीख जवळ आली की रेसिडेंट डॉक्टर रात्रपाळीचे तारवटलेले डोळे घेऊन यायचे, पेनड्राइव्ह पुढे करायचे आणि विचारायचे, "बेन, सिग्निफिकंट येईल ना?" पेनड्राइव्हमध्ये मास्टर चार्ट. एकाच रकान्यात कुठं 'होय', कुठं 'वाय', कुठं '१', आणि मधेमधे रिकाम्या चौकटी. रिकामी चौकट म्हणजे तपासणी केली नाही, की केली आणि लिहायची राहिली, की पेशंटच पळून गेला, हे विचारलं तर समोरचा माझ्याकडे असा बघायचा की मी त्याच्या खासगी आयुष्यात नाक खुपसतेय.

सॅम्पल साइजचं तर विचारूच नका. मेडिकल कॉलेजात वावरलेल्या प्रत्येकाला 'फोर पी क्यू बाय एल स्क्वेअर' हे सूत्र तोंडपाठ असतं. पी म्हणजे आजाराचं अंदाजे प्रमाण, क्यू म्हणजे उरलेले, एल म्हणजे चालवून घेता येईल एवढी चूक. एखाद्या वस्तीत रक्तक्षय किती जणांना आहे एवढंच मोजायचं असेल तर सूत्र ठीकच आहे. पण दोन औषधांच्या तुलनेलाही तेच लावलेलं मी पाहिलंय. उलट्या बाजूनं लावलेलंही पाहिलंय: गाइडनी 'साठ पेशंट घे' म्हणून आधीच सांगून ठेवलेलं, मग उत्तर साठच्या आसपास येईल असा पी जुन्या पेपरांतून हुडकायचा.

१९३८ साली कलकत्त्यात भरलेल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर म्हणाले होते की प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे त्याच्याकडून शवविच्छेदन करवून घेणं; फार तर प्रयोग कशानं मेला ते तो सांगेल. एवढ्या वर्षांनी त्याच देशात माझी नोकरी नेमकी तीच होती. रेसिडेंटांना मी दोष देत नाही. छत्तीस तासांची ड्यूटी करून, वर थिसिस सक्तीची, आणि स्टॅटिस्टिक्स शिकवलेलं एमबीबीएसच्या काळात कधीतरी, घाईघाईत. पण मलाही गणित येत होतं तेवढंच येत होतं. कोणता टेस्ट लावायचा ते मी सांगू शकत होते. "या पेशंटला अभ्यासातून वगळू का?" असं कुणी विचारलं की माझी दांडी गुल. कारण ते उत्तर आकड्यांत नसतं, आजारात असतं.

पीएच.डी. करायची ठरवली ती या कारणानं. आणखी एक कारण होतं, जरा पुस्तकी. १९५६ साली मद्रासमध्ये टीबीच्या रुग्णांवर एक प्रयोग सुरू झाला. रुग्णांची यादृच्छिक विभागणी केली. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषध दिलं. १९५९ मध्ये निकाल आला: घरी राहिलेले जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे जास्त लागण झाली असंही पुढच्या अहवालांत दिसलं नाही. आमच्या आजीच्या पिढीला टीबी म्हटलं की मिरजेचं सॅनेटोरियम आठवायचं, चांगली हवा, अंडी-दूध, महिनोन् महिने खाटेवर. ते सगळं चित्र एका नीट आखलेल्या तुलनेनं बदललं. आज टीबीचा पेशंट घरी राहून गोळ्या घेतो त्यामागे तो प्रयोग आहे. एम.एस्सी.ला आम्ही रँडमायझेशनची प्रमेयं सोडवली, पण हा प्रयोग कुणी सांगितला नव्हता.

कुठं करायची हा पुढचा प्रश्न. बायोस्टॅटिस्टिक्सचा, म्हणजे वैद्यकातल्या संख्याशास्त्राचा, स्वतंत्र विभाग असलेल्या जागा देशात फार नाहीत. वेल्लोरचं सीएमसी, बंगळूरचं निम्हान्स, दिल्लीचं एम्स ही नावं सगळे घेतात. लोकसंख्येच्या अंगानं जायचं तर मुंबईत देवनारची आयआयपीएस. आई घरी एकटी, त्यामुळे मला गुजरातबाहेर जायचं नव्हतं. शेवटी राज्यातल्याच एका विद्यापीठात संख्याशास्त्र विषयात नोंदणी केली. गाइड संख्याशास्त्राचे सर, को-गाइड कम्युनिटी मेडिसिनच्या मॅडम. जो कुणी आज या वाटेला जातोय त्याला माझा एकच आग्रह: डॉक्टर को-गाइड असल्याशिवाय पुढे जाऊ नका. नावापुरता नाही, दर महिन्याला वेळ देणारा.

प्रवेशाची प्रक्रिया थोडक्यात सांगते, कारण ती सगळीकडे साधारण सारखी आहे. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा असेल तर लेखीला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. मग कमीत कमी १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, त्यात संशोधन-नीतीचा पेपर सक्तीचा. मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. दर सहा महिन्यांनी आरएसीसमोर, म्हणजे संशोधन सल्लागार समितीसमोर, प्रगती सांगायची. पैशांचं म्हणाल तर जेआरएफ ही संशोधन-शिष्यवृत्ती असेल त्याला २०२३पासून महिना ३७,००० रुपये. गुजरात सरकारच्या 'शोध' योजनेत महिना १५,०००. मला दुसरी मिळाली. नोकरी सोडली तेव्हा आई काही बोलली नाही, पण मावशीनं फोनवर विचारलंच, "म्हणजे आता पगार अर्धा आणि अभ्यास दुप्पट?" हिशेब चोख होता तिचा.

आरएसीची पहिली बैठक मला अजून आठवते. संख्याशास्त्राच्या बाजूचे सदस्य म्हणाले, "यात नवीन एस्टिमेटर कुठाय? प्रमेय कुठाय?" मेडिकलच्या बाजूचे म्हणाले, "याचा पेशंटला उपयोग काय?" दोघांचं समाधान होईल असं एकही वाक्य माझ्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, नव्हतं, आणि खरं सांगायचं तर असं वाक्य लिहिता येतच नाही. या विषयातली पीएच.डी. दोन खुर्च्यांच्या मधे बसूनच करावी लागते. सरांनी नंतर बाहेर आल्यावर चहा मागवला आणि म्हणाले, "प्रमेयवाले तुला गणितात कच्ची म्हणणार, डॉक्टर तुला कारकून म्हणणार. दोघांना म्हणू दे."

विषय होता टीबीचे उपचार मधेच सुटणं. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, ताप जातो, आणि बरं वाटायला लागलं की माणूस गोळ्या सोडतो. हे टीबीच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. मला बघायचं होतं की नेमकं केव्हा सुटतं, कुणाचं, आणि ते मोजायची नेहमीची पद्धत बरोबर आहे का.

मी डेटा मागायला निघाले तर मॅडमनी अडवलं. "एक्सेल नंतर. आधी टीबी युनिटवर जाऊन बस. कार्ड कोण भरतं, केव्हा भरतं, काय लिहायचं टाळतं, ते बघून ये."

तर मी जाऊन बसले. युनिटवर एक हेल्थ व्हिजिटर भाई होते, निवृत्तीला आलेले, मोटारसायकलच्या डिकीत थुंकीच्या नमुन्याच्या डब्या आणि गोळ्यांच्या स्ट्रिप्स घेऊन फिरणारे. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बेन, तमे मराठी? दांडिया बजार?" दांडिया बजार म्हणजे इथली जुनी मराठी वस्ती; बडोद्यात मराठी माणसाला हा प्रश्न चुकत नाही. त्यांच्यामागं बसून मी शहर पाहिलं, जे इथंच जन्मून पाहिलं नव्हतं. सयाजीगंजच्या मागच्या गल्ल्या, विश्वामित्रीच्या काठच्या झोपड्या, नव्या इमारतींच्या पायाशी पत्र्याच्या खोल्यांत राहणारे दाहोद, छोटा उदेपूर, झाबुआकडचे मजूर. आणि आमच्याच मराठी वाड्यातली एक आजी, जिनं मला दारातच थांबवून आधी "तू कुणाची गं?" विचारलं, आडनाव, आजोबा, गायकवाडीत कुठल्या खात्यात होते ते सगळं काढून घेतलं, आणि मग हळूच म्हणाली की सुनेला तेच आहे, पण औषध बाहेरच्या डॉक्टरांकडून चालू आहे, तुमच्या वहीत नाव नको. टीबीची नोंद सरकारकडे करणं २०१२पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. त्या घरी ते कुणी केलं असेल का, मी विचारलं नाही. तिची सून माझ्या एक्सेलमध्ये कधी येणार नाही एवढं मला कळलं.

भाईंनी एकदा कपाटातून गोळ्यांचं एक जुनं पाकीट काढून दाखवलं. नाइन्टीनाइन-डॉट्सचं. कल्पना हुशारीची होती: स्ट्रिपला कागदी वेष्टण, गोळी बाहेर दाबली की मागं लपलेला फोन नंबर दिसायचा, पेशंटनं त्यावर फुकट कॉल लावायचा, आणि संगणकावर त्या दिवसाचा डोस 'घेतला' म्हणून लागायचा. माझा डेटा ज्या वर्षांचा होता त्या वर्षांत हे चालू होतं. मी वेष्टण उलटसुलट करून बघत होते तेव्हा भाई म्हणाले, "बाई गोळी घेते सकाळी. फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा साइटवर. कॉल कोण करणार?" म्हणजे कॉल नाही याचा अर्थ गोळी नाही असा होत नव्हता. आणि कॉल आहे याचा अर्थ गोळी पोटात गेली असाही नाही, कारण काही जण आठवड्याचे कॉल रविवारी एकदम लावून मोकळे व्हायचे. एम.एस्सी.त याला मेझरमेंट एरर म्हणून एक ग्रीक अक्षर असतं, शून्य सरासरीचं, सगळ्यांना सारखं. इथं ती चूक बायकांत जास्त होती, आणि घरात एकच फोन असणाऱ्यांत जास्त.

मग परवानग्या. यातलं फारसं सांगण्यासारखं नाही, फक्त एक. एका नैतिकता समितीनं विचारलं की प्रत्येक रुग्णाची लेखी संमती कुठाय. रुग्ण जुने, नावं-पत्ते काढून टाकलेली नोंद, मी त्यांना शोधणार कशी? आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत ओळख पुसलेल्या नोंदींसाठी संमतीतून सूट मागता येते, ते पान जोडून पत्र दिलं. तरी बैठक पुढं ढकलली गेली, कोरम झाला नाही म्हणून. पुढच्या बैठकीतही तेच. पीएच.डी.च्या वेळापत्रकात या थांबण्यासाठी रकाना नसतो, तो तुम्ही धरून चाला.

त्या रिकाम्या महिन्यांत मी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत बडोदे संस्थानाचे जुने जनगणना अहवाल चाळले. कामाचे नव्हते, पण सुटेनात. त्या काळच्या जनगणनेत आंधळे, बहिरे-मुके, वेडे, महारोगी यांचीही मोजदाद व्हायची, आणि गणकाला सूचना असायची की एकाच डोळ्यानं आंधळा असेल त्याला आंधळ्यांत धरू नका. कुणीतरी बसून ठरवलेलं होतं. माझ्या विषयातलं 'उपचार सुटले' हेही असंच कुणीतरी ठरवलेलं. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सलग एक महिना औषध बंद असलं की 'लॉस्ट टू फॉलो-अप'. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत दोन महिने. म्हणजे सहा आठवडे गावी जाऊन परत येणारा मजूर दिल्लीच्या हिशेबात सुटलेला, जिनिव्हाच्या हिशेबात नाही.

डेटा आला. वयं पाचाच्या पाढ्यात: चाळीस, पंचेचाळीस, पन्नास, मधली माणसं जणू बडोद्यात राहतच नाहीत. निकालाच्या तारखा महिनाअखेरीला दाटीवाटीनं. मी 'आर' हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर उघडलं आणि पहिला कॅपलन-मायर आलेख काढला. १९५८ सालची ही पद्धत आहे. पायऱ्या-पायऱ्यांची रेघ खाली उतरत जाते, उपचाराच्या कुठल्या दिवसापर्यंत किती जण टिकले ते दाखवते. दोन महिन्यांनंतर एक मोठी पायरी दिसली. अपेक्षितच. बाकी रेघ सपाटीनं उतरत गेलेली. सर म्हणाले, "छान. पण हे सगळ्यांना माहीत होतं."

भाईंना मी तो आलेख दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि विचारलं, "यात होळी कुठाय?"

होळी त्यात दिसणंच शक्य नव्हतं. आडव्या अक्षावर उपचाराचे दिवस होते. नोव्हेंबरात औषध सुरू केलेला माणूस होळीला चौथ्या-पाचव्या महिन्यात असतो, फेब्रुवारीत सुरू केलेला पहिल्या-दुसऱ्याच. दोघं एकाच दिवशी एकाच जीपमध्ये बसून दाहोदला गेले तरी आलेखात एक इथं पडतो, दुसरा तिथं. आदिवासी पट्ट्यात होळी म्हणजे वर्षाचा सण. कामं बंद, कंत्राटदारालाही माहीत असतं. झाबुआ-अलीराजपूरकडं होळीआधी भगोरियाचे हाट, छोटा उदेपूरकडं होळीनंतर कवांटचा गेरचा मेळा. त्यात माणूस एक-दोन आठवडे जातो, आणि पुढं लग्नं निघाली की राहतोच.

मी आडव्या अक्षावर कॅलेंडरची तारीख टाकली. आता ज्याचं औषध ज्या दिवशी सुरू झालं त्या दिवसापासून तो गणतीत शिरणार, असं मांडावं लागतं. रेघेत घसरण आली, मजुरांच्या वस्त्यांच्या युनिटांत ठळक. पण ती आली होळीनंतर दीड महिन्यानं, महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत. सरांचं म्हणणं पडलं की ही माणसांची हालचाल नाही, कारकुनी आहे. बरोबर होतं ते. 'सुटला' हा शिक्का एक महिना वाट बघून बसतो, आणि शिक्के मारायचं काम महिनाअखेरीला होतं. म्हणून शिक्क्याची तारीख सोडली आणि प्रत्येकाची शेवटच्या डोसची तारीख काढली. ते काम किचकट होतं, कार्डं आणि संगणक जुळवत बसावं लागलं. नवा आलेख काढला तेव्हा घसरण मागं सरकली आणि होळीच्या आधीच्या आठवड्यात जाऊन बसली.

त्या दिवशी मी घरी येऊन आईला स्क्रीन दाखवली. ती म्हणाली, "बरं आहे. पण हे त्या भाईंना ठाऊकच होतं ना?" हो, होतं. भाईंना किती, कुठं, आणि दोन महिन्यांच्या पायरीच्या तुलनेत ते मोठं की छोटं हे ठाऊक नव्हतं. एवढंच माझं काम.

पण भाईंना आणखीही एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती त्यांनी आलेख बघितल्यावरच सांगितली. होळीला जाणाऱ्या आपल्या पेशंटांपैकी काहींना ते स्वतःच्या जबाबदारीवर जादा स्ट्रिप्स देऊन ठेवत. नोंद त्यांच्या खिशातल्या डायरीत; संगणकावर तो रकानाच नव्हता. म्हणजे माझ्या आलेखात जे 'सुटले' होते त्यातले काही जण दाहोदच्या घरी बसून इमानानं गोळ्या घेत होते. डायरी मी थिसिसमध्ये वापरू शकत नव्हते, तशी परवानगी नव्हती. सर आणि मी मग दुसरा मार्ग धरला: सुटलेल्यांपैकी दहा टक्के प्रत्यक्षात औषधावर होते असं धरलं तर निष्कर्ष काय, वीस टक्के धरले तर काय, कुठल्या टक्क्याला होळीचा परिणाम पुसला जातो. याला सेन्सिटिव्हिटी अॅनालिसिस म्हणतात. थिसिसमधलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण तेच, आणि परीक्षकांनी सगळ्यात कमी वाचलेलंही.

थिसिसचा गणिती भाग वेगळा होता, मृत्यूचा. तो सोपा करून सांगते. समजा शंभर रुग्ण आहेत. सुरुवातीलाच वीस दगावले. उरलेल्या ऐंशीतले चाळीस उपचार सोडून गेले. उपचार सोडणारे किती टक्के? कुणीही म्हणेल चाळीस. पण मेलेल्यांना नुसतं 'गणतीतून बाहेर' काढून कॅपलन-मायर लावलं तर उत्तर पन्नास टक्के येतं. कारण ती पद्धत असं धरून चालते की बाहेर गेलेले वीस जणही पुढं जिवंत असल्यासारखे, त्याच दरानं, उपचार सोडत राहतील. मेलेला माणूस औषध सोडत नाही. तरीही छापील पेपरांत ही गोष्ट सर्रास चालते, आणि टीबीत जिथं म्हातारे आणि एचआयव्ही असलेले रुग्ण जास्त तिथं फरक मोठा पडतो. यावर उपाय आहेत. १९७२ची कॉक्सची पद्धत प्रत्येक घटनेसाठी वेगवेगळी लावता येते, किंवा १९९९ची फाइन आणि ग्रे यांची. कुठली वापरायची यावर पेपरच्या एका समीक्षकाशी माझा लांबलचक पत्रव्यवहार झाला. माझं मत अजून तेच आहे: कारण शोधायचं असेल तर पहिली, किती खाटा आणि किती कर्मचारी लागतील हे ठरवायचं असेल तर दुसरी. त्यांनी दोन्ही तक्ते मागितले. दिले. २०२२च्या यूजीसी नियमांत थिसिसपूर्वी पेपर छापण्याची सक्ती उरलेली नाही, पण सरांची होती. 'पंधरा दिवसांत स्कोपस, गॅरंटी' (स्कोपस म्हणजे संशोधन नियतकालिकांची एक सूची) असे मेसेज रोज यायचे, त्यांना सरांनी मला उत्तर देऊ दिलं नाही, गंमत म्हणूनसुद्धा.

लिहिण्याबद्दल एवढंच सांगते की दोन्ही गाइडना एकच प्रकरण आवडेल अशी आशा सोडा. सरांनी खोडलेली वाक्यं मॅडम परत घालायच्या. मॅडमना हॅझार्ड रेशोचा (एका गटात घटना घडण्याचा वेग दुसऱ्या गटाच्या किती पट, त्या आकड्याचा) अर्थ दर वेळी नव्यानं विचारायची सवय होती, आणि त्यांना समजेपर्यंत लिहिलेलं वाक्यच शेवटी थिसिसमध्ये राहिलं. साहित्यचोरीच्या तपासणीत साम्य दहा टक्क्यांच्या आत हवं. माझं जास्त आलं ते व्याख्या आणि सूत्रांच्या ठरलेल्या शब्दांमुळे. ग्रंथपालबाईंनी शांतपणे तपासणीतून कुठले भाग वगळायचे ते दाखवलं.

व्हायव्हाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक दक्षिणेकडचे होते, बायोस्टॅटिस्टिक्समध्येच आयुष्य गेलेले. होळीचा आलेख त्यांनी बराच वेळ पडद्यावर राहू दिला. मग विचारलं, "शेवटच्या डोसनंतर हा माणूस गावी गेला, तुमच्या हिशेबात सुटला. तो गावी जाऊन वारला असेल तर?"

मी मृत्यू आणि उपचार सुटणं यांना वेगळं करायला एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं, आणि ते दोन गठ्ठे मुळातच एकमेकांत मिसळलेले असू शकतात हे त्यांनी एका वाक्यात मांडलं. मी फळ्यावर जाऊन दाखवलं की सुटलेल्यांतले काही प्रत्यक्षात मृत असतील तर माझे आकडे कुठल्या दिशेला सरकतील. किती सरकतील हे सांगता येईना, कारण त्यासाठी गावाकडच्या मृत्यूनोंदी लागतात. ते म्हणाले, "मग त्या मिळवा." दुसऱ्या परीक्षकांनी नवीन प्रमेय कुठं आहे ते विचारलं, सरांनी खुर्चीत जरा सावरून बसून माझ्याकडे बघितलं, आणि मी सांगितलं की नाही. डिग्री मिळाली. थिसिस शोधगंगेवर, म्हणजे देशभरच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला.

मॅडमनी युनिटसाठी त्याचं एक पान करायला सांगितलं, गुजरातीत, आलेखासकट, ग्रीक अक्षरांशिवाय. ते लिहिताना जेवढा घाम फुटला तेवढा कॉक्सनं फोडला नव्हता. पानाच्या शेवटी दोनच गोष्टी होत्या: होळीआधी कुणाला जादा औषध दिलं त्यासाठी नोंदीत रकाना ठेवा, आणि गावाकडचा एक फोन नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्या. भाई तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या मुलीनं पान वाचून विचारलं की दिवाळीचंही असंच असेल का. मी काढून बघितलं. दिवाळीला घसरण आहे, पण बरेच जण महिन्याच्या आत परततात, त्यामुळे व्याख्येत बसत नाहीत आणि कुणाला दिसत नाहीत.

सध्या त्या परीक्षकांच्या प्रश्नावर काम चालू आहे. उपचार सुटलेल्यांची यादी मृत्यूनोंदणीशी जुळवायची, ओळख उघड न करता. नावं गुजरातीत तीन तऱ्हेनं लिहिलेली, गावांची नावं त्याहून जास्त तऱ्हेनं, त्यामुळे जुळवणीचंच एक वेगळं गणित होऊन बसलंय. अर्ज नैतिकता समितीकडे गेलाय. त्यांची पहिली शंका परवा आली: यातल्या मृतांची संमती कोण देणार? मी २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांचं तेच पान पुन्हा जोडून उत्तर पाठवलंय. बैठक पुढच्या महिन्यात आहे, कोरम झाला तर.